बैल गेला, कोंबड्या वाचल्या : विजेचं क्षेत्र, ऊर्जा आणि तरंग

हेडफोन नीट लावा, आवाज थोडा वाढवा. आज आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट माझ्या आजोळची आहे, खरी आहे, आणि तिच्यात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले निदान तीन धडे लपलेले आहेत.

मी तेव्हा सातवीत होते. मे महिन्याची सुट्टी. आजोळ लातूरकडचं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस. अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या. माझी धाकटी मावशी त्या उचलायला धावली. आजी आतून ओरडली, "अगं पोरी, तू नको जाऊ! तू पायाळू आहेस!"

पायाळू म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती. आपल्याकडे गावोगाव समज आहे की पायाळू माणसावर वीज पडते. (पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असाही समज आहे. म्हणजे उसण भरली की मावशीला मान, आणि आभाळ भरलं की मावशीला कोंडून ठेवायचं!)

तर मावशी कुरडया घेऊन आत आली, आणि पुढच्या मिनिटाला वीज पडली. परसातल्या चिंचेवर. खोडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. खोडापासून आठ-नऊ पावलांवर मामाचा बैल बांधलेला होता. तोंड झाडाकडे. त्याला विजेनं शिवलंसुद्धा नाही, पण तो जागीच गेला. आणि त्याच्या शेजारीच, तेवढ्याच अंतरावर, डालग्याखाली झाकलेल्या दोन कोंबड्या होत्या. पाऊस थांबल्यावर आजोबांनी डालगं उचललं, तर कोंबड्या पंख झाडून चालायला लागल्या.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. एक जण म्हणाला, "पायाळू पोर अंगणात गेली, म्हणून वीज घराकडे वळली." मावशी दारात उभी होती. तिनं ऐकलं. त्यानंतर पावसाळ्यात आभाळ आलं की तिला कॉलेजला सोडेनात. दोन वर्षं असं चाललं. बैल गेल्याचं दुःख सगळ्यांना होतं, पण त्याचा दोष एका मुलीच्या डोक्यावर बसला.

आज त्या दिवसाचा हिशोब करू. प्रश्न तीन. एक, वीज चिंचेवरच का पडली? दोन, बैल गेला आणि कोंबड्या कशा वाचल्या? आणि तीन, पुढच्या वेळी वीज किती लांब आहे हे आपल्याला आधी कसं कळेल? उत्तरं तीन शब्दांत आहेत: क्षेत्र, ऊर्जा, तरंग. शाळेत हे तीन वेगवेगळ्या धड्यांत येतात. विजेत ते तिन्ही एकाच सेकंदात भेटतात.

आधी क्षेत्र

'शेत' हा शब्द 'क्षेत्र' या संस्कृत शब्दातूनच आला आहे. भौतिकशास्त्रातलं क्षेत्र समजून घ्यायला शेतच डोळ्यांपुढे आणा. शेताच्या प्रत्येक जागी ओल वेगळी असते. विहिरीजवळ जास्त, बांधाकडे कमी. तुम्ही प्रत्येक जागेवर एक आकडा लिहू शकता: इथं ओल इतकी, तिथं तितकी. जागा सांगितली की आकडा मिळतो. क्षेत्र म्हणजे एवढंच. जागेच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेली एक राशी.

विद्युत क्षेत्रात हा आकडा काय सांगतो? तिथं एखादा प्रभार ठेवला, तर त्याच्यावर किती बल लागेल आणि कोणत्या दिशेनं. प्रभार ठेवलेला नसला तरी क्षेत्र तिथं असतंच. प्रभाराला ते जाणवतं.

ही कल्पना रुजवली मायकेल फॅरेडे यांनी. लोहाराचा मुलगा. जन्म १७९१. लहानपणी पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकला. गणित फारसं येत नव्हतं, म्हणून तो चित्रांत विचार करायचा. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की रेषा उमटतात ना, त्या बघून त्याला वाटलं की चुंबकाच्या आजूबाजूची जागा रिकामी नाही, तिथं काहीतरी आहे.

हे तुम्हाला आत्ता बघता येईल. तुमच्या फोनमध्ये बहुधा होकायंत्राचं ॲप असेल. ते उघडा आणि एखादा लहानसा चुंबक, म्हणजे फ्रिजवर चिकटवायचा असतो तसला, फोनपासून हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. चुंबक फोनला टेकायच्या आधीच सुई वळते. (फार जवळ नेऊ नका, फोनचा सेन्सर बिचकतो.) मधल्या जागेत काही दिसत नाही, पण सुईला कळलं. ते क्षेत्र.

आता आभाळाकडे चला. निरभ्र दिवशीसुद्धा आपण विद्युत क्षेत्रात उभे असतो. जमिनीजवळ ते मीटरमागे साधारण १०० व्होल्ट असतं. म्हणजे मोकळ्या मैदानात तुमच्या पायाच्या आणि डोक्याच्या पातळीत दीडशेच्या आसपास व्होल्टचा फरक! मग झटका का बसत नाही? कारण हवा अतिशय वाईट वाहक आहे. तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह येत नाही. आणि तुमचं शरीर तिच्या मानानं उत्तम वाहक आहे, त्यामुळे शरीरात डोक्यापासून पायापर्यंत पातळी एकच होऊन जाते.

मग ढग येतो. वादळी ढगात सहा-आठ किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली दहा-वीस अंश असतं. तिथं बर्फाचे हलके कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आपटत असतात. आपटताना प्रभाराची देवाणघेवाण होते. हलके कण बहुतेक वेळा धन प्रभार घेऊन वाऱ्याबरोबर वर जातात. जड गारा ऋण प्रभार घेऊन खालच्या भागात राहतात. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलता ना, तसलाच प्रकार, फक्त कंगवा काही किलोमीटर उंच.

ढगाच्या पोटाशी ऋण प्रभार जमला की खालच्या जमिनीवर धन प्रभार गोळा होतो. जमिनीजवळचं क्षेत्र मीटरमागे १०० व्होल्टवरून काही हजारांवर, कधी दहा हजारांवर जातं. आणि आता उंच, टोकदार गोष्टींचा खेळ सुरू होतो. टोकापाशी क्षेत्र एकवटतं. सपाट जमिनीवर ते पसरलेलं असतं. झाडाचा शेंडा, विजेचा खांब, देवळाचा कळस, आणि मोकळ्या रानात उभा असलेला माणूस, यांच्या टोकाशी ते कितीतरी पट जास्त असतं. कोरडी हवा मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्टला दम सोडते, तिचे रेणू फुटतात आणि ती वाहक बनते. टोकापाशी ही मर्यादा आधी ओलांडली जाते.

वीज ढगातून सरळ एका झेपेत येत नाही. सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या पायऱ्या घेत, चाचपडत, फांद्या फोडत खाली येते. ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच टोकांमधून ठिणग्या तिच्याकडे वर झेपावतात. झाडातून एक, खांबातून एक. ज्याची ठिणगी आधी भेटली, तिथं मार्ग जुळला. म्हणजे वीज नेमकी कुठं पडणार हे शेवटच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये ठरतं.

आता मला सांगा, या सगळ्यात जन्माच्या वेळी कोणाचे पाय आधी आले हे कुठं येतं? क्षेत्राला उंची कळते. टोक कळतं. आजूबाजूला दुसरं काही उंच आहे की नाही, हे कळतं. परसात सगळ्यांत उंच चिंच होती. वीज चिंचेवर पडली. मावशी अंगणात असती किंवा नसती, त्या दुपारी चिंचेची उंची तेवढीच होती.

बैल आणि कोंबड्या

दुसरा प्रश्न. बैलावर वीज पडलीच नाही, तरी तो कसा गेला?

विजेचा प्रवाह खोडातून जमिनीत उतरला. आता तो जाणार कुठं? पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळं पसरतात, तसा तो जमिनीत चारी बाजूंना पसरतो. खोडाजवळ व्होल्ट सगळ्यांत जास्त. लांब जाल तसे कमी. म्हणजे त्या काही क्षणांपुरती जमीनच एक उतार झाली. आपल्याला दिसत नाही असा विजेचा उतार.

ढोबळ हिशोब करू. विजेचा ठरावीक प्रवाह धरू ३०,००० अँपिअर. तुमच्या घरच्या मिक्सरला दोन-तीन अँपिअर लागतात, हे लक्षात ठेवा. जमीन मध्यम ओली धरू. खोडापासून ६ मीटरवर व्होल्टेज येतं सुमारे ८०,०००. साडेसात मीटरवर येतं सुमारे ६४,०००. बैलाचं तोंड झाडाकडे. त्याचे पुढचे पाय ६ मीटरवर, मागचे साडेसात मीटरवर. दोन्हींत फरक किती? सोळा हजार व्होल्ट! आणि पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जाणारा रस्ता बैलाच्या छातीतून जातो. हृदयातून.

कोंबडीचे दोन पाय? पाच सेंटिमीटर अंतर धरा. त्याच जागी, त्याच जमिनीवर, तिच्या पायांमधला फरक येतो साधारण साडेसहाशे व्होल्ट, तोही सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता. शिवाय तो प्रवाह एका पायानं चढून दुसऱ्या पायानं उतरतो. हृदय वाटेत येत नाही.

एकच वीज, एकच जमीन. जीव गेला की राहिला, हे पायांमधल्या अंतरानं ठरवलं. म्हणूनच झाडाखाली बांधलेली गुरं एकाच विजेत इतकी दगावतात. आणि म्हणूनच वीज कडाडत असताना मोठमोठ्या ढांगा टाकणं, जमिनीवर आडवं पडणं धोक्याचं. शरीराचे जमिनीला टेकलेले दोन बिंदू जितके लांब, तितका व्होल्टचा फरक जास्त.

आता ऊर्जा

एका प्रश्नावर वर्गात हमखास वाद होतो. "ताई, वीज पकडून ठेवली तर गावाला वर्षभर पुरेल ना?" चला, मोजून बघू.

ढग आणि जमीन यांच्यातला फरक धरू १० कोटी व्होल्ट. एका विजेत खाली येणारा प्रभार धरू १० कूलोम. ऊर्जा म्हणजे प्रभार गुणिले व्होल्टेज. उत्तर आलं १०० कोटी ज्यूल. ऐकायला केवढं मोठं! आता वीजबिलाच्या भाषेत आणा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की येतात साधारण २७८ युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज तीन महिनेही पुरणार नाही. आणि त्यातला बहुतेक भाग वाटेतच हवा तापवण्यात, उजेडात आणि आवाजात संपलेला असतो.

मग एवढीशी ऊर्जा झाड फाडते कशी? इथं ऊर्जा आणि शक्ती यांच्यातला फरक कामाला येतो. ऊर्जा म्हणजे किती. शक्ती म्हणजे किती वेळात. ज्वारीचं पोतं माळ्यावरून दोघांनी धरून जिन्यानं खाली आणलं, तर कोणाला काही होत नाही. तेच पोतं वरून पायावर पडलं तर पाय मोडतो. पोतं तेच, उंची तीच, ऊर्जाही तीच. वेळ बदलला. तुमच्या घराचे तीन महिने, विजेचा अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ. त्यातला मुख्य झटका तर सेकंदाच्या काही हजाराव्या भागाहूनही लहान.

तेवढ्या वेळात विजेच्या वाटेतली हवा जवळजवळ ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. चिंचेच्या सालीखालच्या ओलीची क्षणात वाफ झाली, वाफेला जागा पुरेना, तिनं साल फेकून दिली. झाड आतून फुटलं ते असं.

आणि ही ऊर्जा आली कुठून? ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे तुम्ही पाठ केलं असेल. इथं ते डोळ्यांनी दिसतं. सकाळभर सूर्यानं जमीन तापवली. गरम, दमट हवा वर गेली. वर गेल्यावर वाफेचं पाणी झालं, तेव्हा वाफेत साठलेली उष्णता सुटली आणि तिनं हवेला आणखी वर ढकललं. त्या वाऱ्यानं बर्फाचे कण उचलले, गारांवर आपटवले. प्रभार वेगळे झाले, विद्युत क्षेत्र तयार झालं, आणि ऊर्जा त्या क्षेत्रात साठली. मग ठिणगी. म्हणजे चिंच फोडणारी वीज म्हणजे त्याच दिवशीचं ऊन होतं, रूप बदलून आलेलं.

आणि तरंग

आता तिसरा प्रश्न, जो जीव वाचवतो.

तापलेली हवा स्फोटासारखी फुगते आणि शेजारच्या हवेला धक्का देते. ती पुढच्या हवेला. ती तिच्या पुढच्या. एस.टी.त चढायला रांग लागलेली असते, मागून कोणीतरी ढकलतं, आणि धक्का पार दारापर्यंत पोचतो. मागचा माणूस दारापर्यंत गेला का? नाही. तो आपल्याच जागी आहे. धक्का तेवढा गेला. तरंग म्हणजे हेच. पदार्थ जागच्या जागी हलतो, ऊर्जा प्रवास करते. गडगडाट हा असा हवेतला धक्का.

त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद. उजेडाचा वेग? सेकंदाला तीन लाख किलोमीटर. वीज चमकली की ती त्याच क्षणी दिसली असं धरायला हरकत नाही. मग मोजा. चमक दिसली की एक, दोन, तीन... आवाज आला की थांबा. आकड्याला तीननं भागा. सहा सेकंद म्हणजे दोन किलोमीटर. पंधरा सेकंद म्हणजे पाच.

जवळची वीज 'काड्' करून एकदाच कडाडते आणि लांबची 'गड् गड् गड्' करत राहते, असं का? वीज काही किलोमीटर लांबीची असते. तिच्या खालच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, वरच्या टोकाचा नंतर. शिवाय डोंगर, ढग, जमीन यांच्यावरून तो परततो. एकच कडाका ताणून गडगडाट होतो.

आता लक्षात ठेवायचा नियम: चमक आणि आवाज यांच्यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब आत जा. आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर ३० मिनिटं आतच थांबा. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडू नका. डोक्यावर आभाळ मोकळं असतानासुद्धा लांबच्या ढगातली वीज येऊन पडू शकते.

विजेतून आणखी एक तरंग निघतो, तो ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. आजोबांच्या घरी मीडियम वेव्हचा रेडिओ होता. वीज चमकली की त्यात 'खर्र्' व्हायचं. चमक आणि खर्र् एकदमच, गडगडाट मात्र नंतर. त्यावरूनच कळतं की ही खरखर हवेतल्या धक्क्याची नाही. मग कशाची?

फॅरेडेची चित्रं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणितात उतरवली. १८६५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते बदललं की पुन्हा विद्युत क्षेत्र, आणि ही जोडी हातात हात घालून उजेडाच्याच वेगानं पुढे निघते. उजेड हाही असाच तरंग. याला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, रिकामी जागा चालते. कारण इथं कोणताही पदार्थ हलत नाही, खुद्द क्षेत्रच हलतं. हाइनरिक हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये खोलीच्या एका बाजूला ठिणगी पाडून दुसऱ्या बाजूला हे तरंग पकडून दाखवले. आणि १८९५ मध्ये रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी एक यंत्र दाखवलं, जे लांबच्या विजांची नोंद करायचं. म्हणजे रेडिओच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक वीज ओळखण्याच्या कामी आलं!

तेच काम आज तुमच्या खिशात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप तयार केलं आहे. त्यामागे देशभर बसवलेले सेन्सर आहेत. वीज पडली की तिचे रेडिओ तरंग प्रत्येक सेन्सरला वेगवेगळ्या क्षणी पोचतात. जवळच्याला आधी, लांबच्याला नंतर. हे तरंग सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातात, त्यामुळे घड्याळं तितकी अचूक लागतात. वेळेतल्या या फरकावरून वीज कुठं पडली ते काढतात आणि तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा होत असतील तर ॲप इशारा देतं. तुम्ही मनात एक-दोन-तीन मोजता, तेच काम, फक्त घड्याळ जास्त बारीक.

फोनवर वीज पडते का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाही. मोबाईल वीज ओढून घेत नाही. फोनचे रेडिओ तरंग हवेला वाहक बनवण्याइतके जोरदार नसतात. पण फोन चार्जरला लावून बोलत असाल, तर गोष्ट वेगळी. घराच्या वायरिंगमध्ये वीज शिरली तर ती त्या वायरीतून तुमच्यापर्यंत येऊ शकते. वादळात चार्जिंग काढा. नळाखाली आंघोळही नको.

आणि मोकळ्यावर सापडलात तर? पक्कं घर सगळ्यांत चांगलं. काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी चांगली. टायर रबराचे म्हणून नव्हे! काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला वितभर रबराचं काय? खरं कारण धातूचा सांगाडा. फॅरेडेनं १८३६ साली धातूनं मढवलेली खोली बांधून दाखवलं होतं, की प्रभार बाहेरच्या बाजूवरून जातो, आतलं क्षेत्र शून्यच राहतं. दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर मात्र अजिबात नाही. एकट्या झाडाखाली नाही. पाण्यात नाही. चार बाजूंनी उघड्या पत्र्याखाली नाही. काहीच जवळ नसेल, तर सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून लांब लांब. हा शेवटचा उपाय, आसरा नव्हे.

आणि कोणावर वीज पडलीच, तर एक गोष्ट कृपा करून सगळ्यांना सांगा: त्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावता येतो. "शिवू नका, करंट लागेल" म्हणून लोक लांब उभे राहतात, आणि थांबलेलं हृदय चालू करण्याची वेळ निघून जाते. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. वीज पडलेली बरीच माणसं वाचतात, वेळेवर हात लागला तर.

आपल्या देशात दरवर्षी विजेनं २,००० हून जास्त माणसं जातात. त्यांतली कितीतरी शेतात काम करणारी. त्यांच्यातले पायाळू किती असतील? मोजके. बाकीचे सगळे "मी कुठं पायाळू आहे" म्हणत झाडाखाली उभे राहिलेले असू शकतात. या समजुतीचं खरं नुकसान हेच आहे. ती एका मुलीला घरात कोंडते आणि बाकीच्या सगळ्यांना बाहेर ठेवते. त्या दुपारी मावशीला आत बोलावलं, ते बरोबरच होतं. चूक एवढीच, की मामाला, आजोबांना आणि आम्हा पोरांना कोणी बोलावलं नाही.

मावशी आता पन्नाशीला आली आहे. मागच्या मेमध्ये मी आजोळी गेले होते. आभाळ भरून आलं, तिच्या फोनवर दामिनीचा इशारा वाजला, तशी ती अंगणात आली आणि ओरडली, "चला, सगळे आत! गुरं सोडा झाडाखालनं!" शेजारचे आजोबा हसून म्हणाले, "अगं, पायाळू तू आहेस, आम्हाला कशाला बोलावतेस?" ती म्हणाली, "आबा, विजेला जन्मपत्रिका वाचता येत नाही. या आत."

आबा आले.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ दोन भागांत. एक, फोनचं होकायंत्र आणि चुंबक: सुई किती अंतरावरून वळायला लागते, ते पट्टीनं मोजा. दोन, पुढच्या वेळी वीज चमकली की घराच्या आत बसून सेकंद मोजा, तीननं भागा आणि आजीला सांगा वीज किती लांब आहे. चमक-आवाजातलं अंतर दर वेळी कमी होतंय की वाढतंय, तेही बघा. म्हणजे वादळ येतंय की जातंय, हे तुम्हीच सांगाल.

प्रश्न असतील तर नक्की कळवा. पुढच्या भागात ध्वनीचे तरंग आणखी उलगडून बघू, संबळ आणि सनईसोबत. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आभाळ आलं की सगळ्यांना आत बोलवा. भेटूया!